आंधळी काच, लोणारची गच्ची आणि गुरूवरचा डाग

लोणारला जायचं ठरलं ते पल्लवीच्या तोंडाकडे पाहून. पल्लवी माझी मोठी पोरगी. चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि सुट्टी मिळाली की दुर्बिणीला चिकटते. त्या आठवड्यात तिच्या घशाखाली घास उतरेना. अर्धी भाकर ताटात ठेवून उठायची. दूरच्या कुठल्यातरी देशात एकाच्या कॅमेऱ्यात गुरू ग्रहावर क्षणभर उजेड चमकला होता. धूमकेतूचा तुकडा आदळला असेल तर तिथं डाग राहायला पाहिजे. ती बाजू आपल्याकडे संध्याकाळ होताना समोर येणार, आणि तिच्या आभाळ पाहणाऱ्यांच्या ग्रुपातल्या बाकी सगळ्यांच्या गावांवर अवकाळी ढग. तूच पाहून सांग, म्हणाले. आजवर हिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते एकदम हे.

उंद्रीतून दिसत नाही का, असं तुम्ही विचाराल. यंदा मिरगाच्या आधी गुरू सूर्यामागोमाग मावळतो आणि आमच्या पश्चिमेला कडुलिंब आहेत, वर चौकातला मोठा दिवा. लोणारच्या एका लॉजची गच्ची चारी बाजूंनी मोकळी आहे. पल्लवी सारखी तिथं जाते, म्हणून दुर्बीणही तिनं तिथंच ठेवली आहे.

माझी शाळा चौथीत सुटली. मी फोनात बोलते, फोन लिहितो, काना-मात्रा पल्लवी पाहते. पुढचं वाचून ती म्हणाली, राहू दे जसंच्या तसं. म्हणून ठेवलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी भेंडी घेऊन खामगावच्या बाजारात गेले होते. येताना राजूभाऊंच्या फोटो स्टुडिओतून पल्लवीची डबी आणायची होती.

"दोन फिल्टर हायेत ताई," राजूभाऊ म्हणाले.

फिल्टर म्हणजे आमच्या घरी पाण्याचं मशीन. डबीत निघाल्या रुपयाएवढ्या दोन काचा. एक आरशासारखी चकचकीत, दुसरी कोळशासारखी काळी. मी भेंडीचं टोक मोडल्याशिवाय भेंडी घेत नाही, खरबूज हुंगल्याशिवाय उचलत नाही. काळी काच ट्यूबलाइटसमोर धरली. काही दिसेना. पुसून धरली. तरी तेच.

"राजूभाऊ, ही काच आंधळी हाय."

"ते तशीच रायते म्हणतात."

"कोण म्हणते? तुम्ही पाह्यलं का तिच्यातून?"

"मी काऊन पाहू? मी लग्नाचे फोटो काढतो."

"मंग चांगली द्या. ग्रहण नाही लागून राह्यलं आता, काजळीची काच घेऊन काय करू?"

आरशावालीही मी पुढं सरकवली, पण ती खास मागवलेली म्हणून परत जात नव्हती. पण त्याच मापाची एक लाल काच त्यांच्या खणात पडून होती. ती धरली तर ट्यूब लाल, राजूभाऊ लाल, भिंतीवरचे नवरा-नवरी लाल. म्हटलं, ही द्या. पोरीला फोन करा, असं ते दोनदा म्हणाले. ती वर्गात आहे म्हणून मी निघाले. आणि घरी सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं निघालो. उंद्री, चिखली, मेहकर, लोणार असा रस्ता. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खाजगी गाडीच्या मागं लागू नका. उन्हाळ्यात जाणार असाल तर डाव्या-उजव्याचा विचार करून सावलीची बाजू धरा आणि पाणी घरूनच भरून घ्या. मेहकरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. मी भजी घेतली. पल्लवीनं भज्याला हात लावला नाही, डबी उघडली.

"आई, इन्फ्रारेड कुठी हाय?"

"काय?"

"काळी काच."

"ते आंधळी होती. बदलून आणली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात मला समजावायला लागली. आपल्या डोळ्यांना दिसत नाही असा एक उजेड असतो, काळी काच तेवढाच आत सोडते, आणि तो दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्याला दिसतो. सांजेच्या आभाळाचा उजेड ती अडवते, तापलेली हवा थरथरते ती तिच्यातून कमी थरथरते. गुरू खाली असताना तीच कामाची. आरशावाली मिथेनची. तिच्यातून गुरू जवळजवळ काळा पडतो, आणि आदळल्यावर वर उडालेली धूळ असेल तर तेवढीच चमकते. पण तिच्यातून उजेड फार कमी येतो, दुर्बीण लहान, म्हणून एकट्या तिच्यावर भागत नाही.

"अन् लाल?"

"लाल मीच परत केली होती, आई."

मी राजूभाऊंना फोन लावला. ते भले माणूस. मेहकरच्या गाडीत ड्रायव्हरजवळ देतो म्हणाले, तिथून लोणारच्या गाडीत. आमच्याकडे डबे, औषधं, पत्रिका सगळं असंच जातं.

"पाकिटावर काय लिहू?"

"लिहा, आंधळी काच, लोणार स्टँड."

दुपारी लोणारला पोचलो. विवराच्या कडेवरून खालचं हिरवं पाणी पाहून घ्या, पण खाली उतरायचं तर सकाळी या, उन्हात चढताना जीव जातो. पाणी खारं आहे आणि वास येतो, नाकाला पदर लावा. मी पाहिलं, पण लक्ष फोनमध्ये. लॉजचे काका जेवण चांगलं देतात, पिठलं-भाकर आणि ठेचा. वाढता वाढता म्हणाले, "गुरूले मार लागला म्हणते पल्लवी. आता लोकांच्या गुरुबळाचं काय करावं?"

"तुमची पोरं तर उजवली ना काका?" पल्लवी म्हणाली.

"माही उजवली. तुह्यं म्हणून राह्यलो मी."

ती हसली नाही. काका विवराकडे हात करून म्हणाले, "इथं पडलं तवा पाहाले कोणी नव्हतं. तू हाय तर पाहून घे."

ऊन कललं तशी ती गच्चीवर गेली आणि मी स्टँडवर. मेहकरची एक गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, "कोणती काच? माह्याजवळ डबा हाय सासुरवाडीचा." ती गाडी गेली. सूर्य बुडाला. पल्लवीला फोन करायची माझी हिंमत होईना, तिचाच आला. लाल काचेतून गुरू उकळत्या पाण्यासारखा हलतोय, पण एक काळसर डाग दिसतोय. मिथेनमधून राखेचा गोळा, काही कळत नाही. ग्रुपातले सारखे विचारतायत. "आई, टाकू का, डाग दिसते म्हणून?"

"थांब. काच आल्याबिगर काही टाकू नको."

असं म्हटलं खरं, पण गुरू खाली चालला होता आणि थांब म्हणणारी मी कोण. तिनं टाकलं आणि खोटं निघालं तर नाव तिचं. नाही टाकलं आणि खरं असलं तर गेलं ते गेलं. दोन्हीकडून माझीच लाल काच.

पुढची गाडी वळली तोच ड्रायव्हरनं खिडकीतून हाळी दिली, "आंधळी कोणाची हाय बे?"

स्टँडभर लोक हसले. मी धावले.

"इतकं काय पाहाचं हाय आंधळीतून?" त्यानं पाकीट देत विचारलं. मी पाकीट घेऊन ऑटोत बसले.

गच्चीवर पल्लवीनं काच बसवली. टॉर्च मी धरली. लॅपटॉपवर आधी नुसता अंधार. मग गुरू आला. तो हलत होता, पण आता माणसानं जागेवर बसून चुळबुळ करावी एवढाच. पट्टे सरळ दिसले. लाल काचेत डाग दिसला होता तिथं पट्ट्यातलाच एक गडद ढग होता, लांबट, रोजचा. तिनं परत मिथेनची काच लावली. आभाळ आता अंधारलं होतं. राखेच्या गोळ्यावर चमकणारं कुठंच काही नव्हतं. तोवर गुरू झाडांच्या शेंड्याला टेकला.

"नाही, आई."

"दिसत नाही?"

"दिसते. साफ दिसते. डाग नाही."

फोनात लिहून ठेवलेलं 'डाग दिसतो' तिनं माझ्यासमोर खोडलं आणि 'डाग नाही' असं लिहून फोटो पाठवले. कोणीतरी विचारलं, नक्की? तिनं लिहिलं, नक्की. तुकडा असेल तर लहान असेल, वरच्यावर जळाला असेल, असं ती मला म्हणाली. मी ऐकत होते, पण ती गाडी चुकली असती तर, एवढंच डोक्यात. परतीच्या एसटीत मेहकरपर्यंत तेच.

घरी आल्यावर गोठ्यात गेले. बकरीच्या पिल्लांसाठी थंडीत लावलेला जुना पिवळा बल्ब अजून तिथंच आहे. त्याच्यासमोर काळी काच धरली. आत मंद लाल तार दिसली, राखेखालच्या इंगळासारखी. राजूभाऊंच्या नव्या ट्यूबमध्ये तो उजेडच नव्हता. लाल काच मी त्यांना परत नेऊन देईन, आणि ते काय बोलतील तेही ऐकून घेईन.

शेजारची कमल ओट्यावर येऊन बसली. "एवढ्या उन्हात जाऊन काय पाह्यलं वं?"

"गुरूवर डाग नव्हता, ते."

"मंग घरी बसून तरी कुठी दिसला असता?"

"घरी दिसला नसता," मी म्हटलं. "लोणारले नव्हता."

कमलनं माझ्याकडे पाहिलं आणि पानाची चंची काढली. आतून पल्लवीनं अजून एक भाकर मागितली.