वाशीच्या फळ मार्केटातून जनसुनावणीत पोचली आमची डांगरं

मंडळी, सकाळपासून मी एकटाच हसतोय!

मी वाशीच्या फळ मार्केटात कामाला आहे. गाव वर्धा नदीकाठी. तिथे कोळशाची खाण येऊ घातलीय आणि आज तिची जनसुनावणी होती. तिथूनच मामाचा फोन, नुसता भडकलेला. "अबे, कंपनीच्या अहवालात लिवलं हाय, नदीच्या पात्रात शेतीच नाही! सुनावनीचे साहेब म्हनते, पुरावा दाखव!"

पाणी ओसरलं की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, लावतो. आणि माझ्यासमोर आमच्याच गावची गाडी खाली होत होती!

पेट्यांवरचं गावाचं नाव, डांगराला चिकटलेली वाळू, धडाधड फोटो पाठवले. मामाने भर सभेत मोबाईल साहेबांपुढे धरला. साहेबांनी नोंद घेतली! फोनवर टाळ्या ऐकून मी गाळ्यातच नाचलो.

शेजारचे गाळेवाले काका इथलेच, खाडीकाठच्या गावातले. डांगराची फाक हातात तशीच धरून म्हणाले, "या शहरासाठी आमची भातशेती गेली तवा फोटो काढाला कोनी नव्हता."

खाण अजून टळलेली नाही. पण तुमच्या शेताचा एक तरी फोटो आहे का तुमच्याकडे?