अंबरनाथची पोलादी कांडी आणि बराकीतले प्रोफेसर

बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर हा फेरफटका सहल म्हणून कुणी करत नाही. मीही केला नव्हता. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि एम.एस्सी.चं वेड डोक्यात होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले की आधी अंबरनाथच्या एका कारखान्यात मुलाखत दे, मग एम.एस्सी.साठी उल्हासनगरच्या एका प्रोफेसरांना भेटू आणि संध्याकाळी घरी येऊन काय ते ठरवू. मी मुळातच घाबरट.

आईने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. बदलापूरहून गाडीने अंबरनाथला उतरल्यावर अण्णांनी आधी शिवमंदिर गाठलं. तुम्ही जाणार असाल तर सकाळीच जा, नंतर अनवाणी पायांना दगड पोळतात. तिथली शिल्पं बघायला लोक लांबून येतात म्हणे. मी मात्र खाली मान घालून सूत्रं घोकत होते.

कारखान्यातल्या साहेबांनी सूत्र एकही विचारलं नाही. त्यांनी जाडी मोजायचं स्क्रू गेज आणि बोटाएवढी पोलादी कांडी पुढे केली. अमुक जाडीपेक्षा जास्त भरली तर नापास, एवढंच ठरवायचं होतं. फिजिक्सवाल्यांची खोड जाते कुठे? मी आधी मिटलेलं गेज बरोबर शून्य दाखवतं का ते पाहिलं, मग कांडी फिरवून फिरवून पाच मापं घेतली. काही मर्यादेच्या आत, काही बाहेर. फरक इतका बारीक की तो कांडीचा की गेजचा, हेच कळेना.

"पास की नापास?" साहेबांनी विचारलं.

"या गेजने नक्की सांगता येणार नाही," मी म्हणाले.

साहेब रागावले नाहीत. इथे दिवसभर कांड्यांच्या राशी येतात, विचार करत बसणारं माणूस परवडत नाही, असं त्यांनी समजावलं आणि चहा पाजून वाटेला लावलं.

उल्हासनगरपर्यंत टांगा केला. रस्ता धुळीचा, भाडं काही आणे. अण्णा सबंध वाटेत एकच वाक्य बोलले, पास म्हणायला तुझं काय जात होतं? मला रडू येत होतं. आता प्रोफेसरांनीही नाही म्हटलं तर तेलही गेलं, तूपही गेलं, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू.

प्रोफेसर फाळणीनंतर कराचीहून आलेले. तिकडे फिजिक्सचे विभागप्रमुख, इकडे लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाच्या पडद्याआड संसार आणि कॉलेजात तासांवर पैसे मिळणारी नोकरी. एम.एस्सी. संशोधन करून करायची तर गाईड लागे, म्हणून आम्ही त्यांच्या दारात. सिंधी घरात पाहुण्यापुढे आधी पापड आणि पाणी येतं. आवाज होईल या भीतीने मी पापड मोडलाच नाही. अण्णांनी मात्र तावातावाने कांडीची हकिगत सांगून टाकली.

"रीडिंग कितने लिए?" प्रोफेसरांनी मला विचारलं.

"पाच. कांडी फिरवून."

"सोमवार से आ जाओ."

अण्णांना एवढ्याने कुठलं समाधान? पुढे नोकरीचं काय, त्यांनी विचारलं. हवामान खातं आहे, रेडिओ आहे, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा, मुंबईत अणूचं नवं काम निघालंय, प्रोफेसर सांगत गेले.

"पण हिला मिळेल का?"

प्रोफेसरांनी गोणपाटाचा पडदा नीट ओढून घेतला. मग म्हणाले, "भाईसाहब, पक्का नहीं बता सकता."

अण्णांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यांना हसू आलं की धडकी भरली, मला कळलं नाही.

पुढे मी जन्मभर कॉलेजात शिकवलं. शिवमंदिर नीट बघितलं ते निवृत्त झाल्यावर. फिजिक्स घेऊन काय होणार, असं मुली अजून विचारतात, तेव्हा मला त्या दिवशीची संध्याकाळ आठवते. आईने दारातच विचारलं, काय झालं?

अण्णा पायांवर पाणी घेत म्हणाले, "नोकरी गेली. पुढचं नक्की सांगता येत नाही. सोमवारपासून हिला डबा दे."