चळीचा चळ

थंडी पडली नाही म्हणून मनापासून दुःखी होणारा माणूस साऱ्या बंगळुरात एकच असेल, आणि नेमका तोच आमचा घरमालक निघाला. नोकरीसाठी पुण्याहून आलो आणि जे. पी. नगरातल्या त्यांच्या जुन्या घराच्या माडीवर आम्ही नवरा-बायको राहू लागलो. ते मूळचे निपाणीकडचे, यशवंतपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला अक्का. पहिल्याच दिवशी भाडेकराराऐवजी अण्णांनी मला अंगणातली दोन निळी पिंपं दाखवली. दोन्हींत एकेक सफरचंदाचं झाड होतं. "गरम पाण्याचा पाईप इकडून न्यायचा नाही," अण्णा म्हणाले. "खिडकीशी इस्त्री करायची नाही. आणि बंगळूरची हवा काय छान आहे, असं या झाडांसमोर बोलायचं नाही."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत.

कन्नडमध्ये थंडीला चळी म्हणतात. अण्णा मराठी बोलतानाही चळीच म्हणत. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात ठरावीक तास थंडीची झोप लागते आणि ती पुरी झाली नाही तर ते वेळी-अवेळी फुलतं किंवा फुलतच नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यासाठी फांदीला तापमापक टांगलेला असे. अण्णा पहाटे उठून तो वाचत आणि थंडीचे तास दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहीत. डिसेंबरात ते झाडांची उरलेली पानं हाताने खुडून काढत, म्हणजे हिवाळा आलाय असं झाडांना वाटावं. स्वतः मात्र स्वेटर घालत नसत. "आपण स्वेटर घातला की चळीला वाटतं, झालं आपलं काम. मग ती निघून जाते," असं त्यांचं म्हणणं होतं. "यांना चळी मोजायचा चळ लागलाय," असं अक्का म्हणत आणि दोन्ही भाषांतला विनोद आम्हाला कळला का, हे डोळे बारीक करून बघत.

या वेडाला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात दोघं भाड्याच्या खोलीत राहत होती. शेजारच्या अंगणात तेव्हा सफरचंदाचं झाड होतं. अण्णांनी तिथलं एक फळ मागून आणलं. अक्कांनी चावा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आंबट आहे." "सरी, बरं," अण्णा म्हणाले, "पुढचं आपल्या झाडाचं देतो." त्या पुढच्या फळाची वाट बघण्यात दोघांचे केस पांढरे झाले.

अडचण अशी की झाडं दोन जातींची होती आणि फळ धरायला एकाचा पराग दुसऱ्याच्या फुलावर पडावा लागे. पूर्वी दोन्ही निदान एका आठवड्यात तरी फुलायची, पण धरलेलं फळ वाढायच्या आतच गळायचं. आता हिवाळे नावापुरतेच राहिले होते. एक झाड जानेवारीच्या सुरुवातीला फुलून मोकळं होई, तर दुसऱ्याला पहिल्याची पाकळीन् पाकळी गळल्यावर जाग येई. नवरी मांडवात उभी आणि नवरदेवाची गाडी अजून हुबळीतच, असा प्रकार. त्यात गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात घर बिल्डरला देण्याचं ठरलं. पुढच्या जुलैमध्ये अण्णा-अक्का येलहंक्याला चौथ्या मजल्यावर राहायला जाणार होती आणि तिथे पिंपांना जागा नव्हती. म्हणजे अक्कांना घरचं सफरचंद मिळायचं तर त्याच हिवाळ्यात.

अण्णांनी शक्कल लढवली. पहिलं झाड फुलताच त्याचा पराग त्यांनी वाळवून ठेवला. पण घट्ट झाकणाची डबी हवी होती, म्हणून न विचारता अक्कांच्या देवघरातली हळदीची डबी रिकामी केली, पिवळा पराग तिच्यात भरला आणि ती फ्रिजमध्ये ठेवली.

रथसप्तमीला अक्कांचं हळदीकुंकू होतं. डबी शोधता शोधता ती अक्कांना फ्रिजमध्ये सापडली. "म्हातारा आता हळदसुद्धा गार करून ठेवतो," असं म्हणत त्यांनी आलेल्या बायकांना लावायला सुरुवातही केली. "अक्का, हळद स्वल्प फिकी आहे हो," असं एकजण म्हणालीसुद्धा. सगळ्यात शेवटी माझ्या बायकोने डबीच्या तळाचं बोटाने पुसून अक्कांना लावलं, आणि तेवढ्यात अण्णा अंगणातून धावत आले. दुसऱ्या झाडावर त्याच सकाळी तीन फुलं उमलली होती.

रिकामी डबी पाहून ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले. मग उठून मऊ कुंचला घेऊन आले. "स्वल्प हलू नकोस," ते अक्कांना म्हणाले आणि वाकून त्यांच्या कपाळावरचं पिवळं हलकेच कुंचल्यावर घेऊ लागले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस बायकोकडे एवढ्या जवळून कधी बघत असेल, असं मला वाटलं नव्हतं. अक्का लाजल्या. माझ्या बायकोने मुकाट्याने आपलंही कपाळ पुढे केलं.

तीनपैकी एका फुलाने फळ धरलं. ते कपाळावरच्या परागाने धरलं की एखाद्या मधमाशीने परस्पर काम केलं, कोण जाणे. जूनमध्ये ते लिंबाहून जरा मोठं झालं तेव्हा सामानाची खोकी दारात रचलेली होती. अण्णांनी ते पुसून अक्कांच्या हातात दिलं. अक्कांनी चावा घेतला आणि डोळे मिटले.

"आंबट आहे."

"तस्संच?"

"तस्संच."

अण्णा तोंड फिरवून पिंपांकडे बघत राहिले.

पिंपं आम्ही आमच्या नव्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर आणली आहेत. आता डिसेंबर चालू आहे आणि रात्री पंखा लागतो. अण्णा रोज सकाळी येलहंक्याहून फोन करून "चळी आली का?" एवढंच विचारतात, आणि नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून पहाटे उठतो, तापमापक बघतो, पुन्हा एकदा बघतो. बायको मागून स्वेटर घेऊन येते. मी घालत नाही.