किसनभाऊंच्या दोन ओळी

पिंपरी कॅम्पात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. माणूस कागद घेऊन पायरी चढला की तोंडावरून ओळखते, हा कोर्टातनं आलाय की दवाखान्यातनं. किसनभाऊ गायसमुद्रे आले त्या दिवशी मात्र काही ओळखता आलं नाही. कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "सुमनताई, दोन प्रती काढा." मी वाचलं. त्यांच्या बडतर्फीचा आदेश होता.

किसनभाऊ पोलिसात हवालदार. बाप लातूरकडून इथल्या कंपनीत आला, पोरगं खाकीत गेलं. नोकरीची निम्मी वर्षं ठाण्यात लिहिण्यात गेली. चाकण पट्ट्यातलं कुठलं ठाणं ते मी सांगणार नाही, मला दुकान चालवायचंय. तर ठाण्यात एक डायरी असते. कोण आलं, कुणाचा फोन आला, कुणाला सोडलं, सगळं वेळेसकट तिच्यात लिहायचं. खाडाखोड चालत नाही. चुकलंच तर एक आडवी रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. ही सवय त्या माणसात इतकी मुरली होती की त्यांची बायको भिमाबाई म्हणायची, "वाण्याच्या यादीतली साखर खोडली तरी सही करतात आमचे."

आता ऐका काय झालं ते. एका कारखान्याच्या गेटवर कंत्राटी कामगार पगारासाठी बसले होते. सनी नावाच्या लेबर कंत्राटदारानं त्यातल्या निरंजन नावाच्या कामगाराला लोखंडी पाइपनं मारलं. पाठीचा मणका गेला. दोन पोलिसांनी सनीला धरून ठाण्यात आणलं, आणि त्या दुपारी टेबलावर किसनभाऊ होते. पाऊण तासात सनी चहा पिऊन घरी गेला. कसा गेला, ते किसनभाऊंनी डायरीत दोन ओळींत लिहून ठेवलं. पहिली ओळ, आमदारसाहेबांच्या बंगल्यावरून फोन आला. दुसरी ओळ, उपायुक्तसाहेबांचा फोन आला, त्यांच्या तोंडी आदेशावरून सनीला जाऊ दिलं.

मारहाणीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. लोक रस्त्यावर आले, महामार्ग अडला, आणि सरकारला कुणाचं तरी डोकं हवं झालं. उपायुक्तसाहेबांच्या निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. त्यांना बडतर्फ केलं. बडतर्फ म्हणजे पेन्शन गेली. त्याच दिवशी, त्याच शिक्क्यानं किसनभाऊही बडतर्फ. आरोपी सोडला म्हणून.

मग सुरू झाला तमाशा. आमदार सत्तेतले, म्हणून साहेबांच्या पेन्शनसाठी विरोधी पक्षानं मोर्चा काढला. वाकडच्या पुलापासून फ्लेक्स लागले, 'कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यावर अन्याय'. टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर भुंकत होती, पेन्शन हा हक्क आहे की नाही. अहो, आहे ना हक्क. मग किसनभाऊंचा काय नव्हता? एवढ्या आठवड्यांत एकाही मेल्यानं त्यांचं नाव घेतलं नाही. साहेबांची ती पेन्शन आणि हवालदाराची काय पानसुपारी?

नाव घेतलं नाही, पण घर बरोबर शोधलं. आधी साहेबांची माणसं आली. म्हणाली, "भाऊ, दुसरी ओळ तुम्ही ऐकण्यात चुकून लिहिली असं चौकशीत सांगा. पहिली राहू द्या. साहेब परत आले की तुमचं काम पहिलं." दोन दिवसांनी आमदारांची आली. त्यांना पहिली ओळ नको होती, दुसरी हवी होती. त्यांचंही तेच, तुमचं काम पहिलं. भिमाबाई चहा देऊन देऊन दमली. शेवटी तिनंच विचारलं, "दोघांनी मिळून ठरवून या की. म्हणजे दोन्ही ओळी काढता येतील."

कुणाला वाटेल, किसनभाऊ मोठे शूर होते. अजिबात नव्हते. माझ्या दुकानात बसले तेव्हा पायरीवर कुणी चढलं की दचकून बघत होते. मी म्हटलं, "एक ओळ गिळा भाऊ. घरात बायको आहे. जग काही तुमची आरती करणार नाही." मी म्हटलं हे, खोटं कशाला बोलू. ते म्हणाले, "ताई, दोन्ही फोन मीच उचलले हो. एक आलाच नाही असं कसं सांगू?"

चौकशीत त्यांनी दोन्ही ओळी सांगितल्या. झालं. दोन्हीकडचे शत्रू झाले, आणि चारच महिन्यांत ते दोन्हीकडचे एकमेकांच्या गळ्यात पडले. साहेबांची बडतर्फी मागे घेऊन ती सक्तीची निवृत्ती केली. पेन्शन चालू. आमदारांचा फोन 'सिद्ध होत नाही'. वाकडच्या हॉलमध्ये साहेबांचा सत्कार झाला, शाल आमदारांच्याच हस्ते. मी फोटो बघितला आणि पेपर चुरगाळून टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरांनी संन्याशाच्या खर्चानं एकमेकांना जेवण घातलं.

किसनभाऊंची बडतर्फी तशीच राहिली. भिमाबाई माण गावात एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायला लागली, आयटीतल्या पोरांसाठी. तिकडे निरंजनची बायको विजयश्री सनीविरुद्ध कोर्टात खेटे घालत होती. सनीचा वकील म्हणायचा, बडतर्फ हवालदारानं लिहिलेली नोंद, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? व्हिडिओतला माणूस सनी नव्हेच, आणि त्याला ठाण्यात कधी आणलंच नव्हतं म्हणे.

कुणीतरी किसनभाऊंना सांगितलं की बडतर्फ माणसाला दया म्हणून थोडंफार निवृत्तिवेतन मिळू शकतं, अर्ज करा. नमुना घेऊन ते माझ्याकडे आले. मी टाइप करून दिला. त्यात एक वाक्य होतं, 'माझ्या हातून झालेल्या गैरवर्तनाचा मला पश्चात्ताप असून मी दयेस पात्र आहे.' किसनभाऊंनी चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारली. बाजूला सही केली. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'माझ्या दोन नोंदींपैकी कोणती खोटी, ते कळावे.'

मी म्हटलं, "थांबा, दुसरा टाइप करून देते. असला रेघ मारलेला कागद कोण घेईल?"

"नको ताई. काय काढलं ते त्यांना वाचता आलं पाहिजे."

मला त्या वेळी त्यांचा असा राग आला की झेरॉक्सचे पैसे घेतले. एरवी घेत नव्हते.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. दुकानातच फोडलं, मीच वाचून दाखवलं. 'नोंदवहीची व दूरध्वनी तपशिलाची तपासणी केली असता अर्जदाराच्या दोन्ही नोंदी वस्तुस्थितीस धरून असल्याचे दिसून येते. तथापि, अर्जदाराने दयेची विनंती केलेली नसल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' खाली सही, गोल शिक्का.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे माणूस खरा आहे हे तुम्हाला माहीत, तुमच्याच हातानं लिहिताय, आणि तरी त्यानं आधी गुन्हेगार व्हावं, मग नाक घासावं, मग तुम्ही तुकडा टाकणार? लाज नाही वाटत लिहायला? मी अर्धा तास बोलत होते. गिऱ्हाईक परत गेलं.

किसनभाऊंनी कागद घडी न घालता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि थेट विजयश्रीकडे गेले. मीही शटर ओढून बरोबर गेले, वाटेत भाऊंनी फोन केला तशी भिमाबाईही मेसमधून तिथंच आली. निरंजन आत खाटेवर पडून होता. किसनभाऊंनी मूळ कागद, शिक्क्याचा, विजयश्रीच्या हातात दिला. "हे वकिलाला द्या. सरकारनं लिहून दिलंय, नोंद खरी आहे."

विजयश्री कागद वाचायला लागली. भिमाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि नवऱ्याला विचारलं, "त्यांचं झालं. आपलं काय लिहिलंय त्याच्यात?"

"आपलं नामंजूर," किसनभाऊ म्हणाले.