सरासरीला भिणारे नाना

हे मी आजवर कोणालाच, अगदी घरातही, सांगितलेलं नाही: ज्या शोधनिबंधाने मला मान मिळवून दिला, तो चुकीचा आहे आणि छापून यायच्या आधीपासून मला ते ठाऊक होतं. ठाऊक करून दिलं नानांनी. नाना म्हणजे कॉलेजातले माझे ज्येष्ठ सहकारी. सरासरी या शब्दाला त्यांच्याइतका भिणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. लग्नातलं जेवण कसं होतं असं विचारलं तर म्हणायचे, "कोणत्या पंगतीचं? पहिल्या पंगतीला चार पाहुणे, दुसरीला अख्खं गाव. दोन्हींचं मत सारखं धरू?" जळगावात चटईच्या दुकानात शिरले की चटई विणायची प्लास्टिकची पट्टी आधी लांबीत ओढून बघायचे, मग आडवी फाडायचे. दुकानदार शेठ हात जोडायचे, "नाना, एखादी न फाडता घेऊन जा ना!"

मी त्याच पट्ट्यांवर काम करत होतो. पट्टी ताणली की आतले लांबलचक रेणू एका दिशेला वळतात. मग क्ष-किरणांच्या चित्रात जे गोल कडं दिसतं, ते सगळीकडे सारखं उमटत नाही. कुठे लख्ख, कुठे फिकं. मी त्या कड्यावर गोल फिरून सरळ सरासरी काढली आणि ठरवून टाकलं की ताणल्याने पट्टीची रचनाच बदलते.

नानांनी मला गाठलं ते सोनगीरजवळच्या शेतात, भरीत पार्टीला. भाजायच्या ढिगातलं एक वांगं उचलून त्यांनी चक्क चकत्या पाडल्या. "देठ म्हणजे तू पट्टी ताणलीस ती दिशा समज. ही देठाजवळची चकती, ही पोटाची. साल कोणाला जास्त? तुझ्या चित्रात दोन्हींच्या वाट्याला सारखीच जागा येते, पण जिथे साल जास्त, तिथे रेणूंना वळायला दिशाही जास्त, म्हणजे पोटाकडे कितीतरी जास्त. तिकडच्या आकड्याला वजन जास्त दे, देठाकडच्याला कमी. मग काढ सरासरी."

शेतमालक आबा वैतागले, "नाना, हाई वांगं खावानं शे का मोजानं?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी.

पुढे एकदा दार लावून तसं करून पाहिलं. माझा निष्कर्ष विरघळून गेला. रचना होती तशीच होती. तिने फक्त तोंड फिरवलं होतं. पण निबंध स्वीकारला गेला होता, विभागात पेढे वाटून झाले होते. नानांनी विचारलं, "केलंस का रे पुन्हा?"

"केलं, नाना. काही फरक पडत नाही."

ते म्हणाले, "मग माझंच चुकलं असेल. उगाच चारचौघांत बोललो तुला." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर नानांनी कोणाच्याच सरासरीला हरकत घेतली नाही. लग्नातलं जेवण विचारलं तर म्हणू लागले, "छान होतं."

निवृत्तीनंतर ते पारोळ्याला राहतात. परवा गेलो होतो. चहा ओतता ओतता म्हणाले, "पोरं सरासरी नीट काढतात ना?" आणि लगेच, "नाही, आपलं सहज. मला त्यातलं काय कळतं."

मी चहा पिऊन परत आलो.

नाना बरोबर होते, हे त्यांना तोंडावर सांगणं आणि निबंधाची दुरुस्ती माझ्या नावाने छापून आणणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दोन्हींपैकी एकही केलेलं नाही.