दुसऱ्यांदा विचारलं तर

इनाकी नावाच्या त्या ताडमाड स्पॅनिश माणसानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी बायनाबाईनं त्याच्या बोटांच्या फटीतून वरण ओतलंच. वर भाकरी मोडून घातली, भाकरीवर तुपाची धार सोडली. तो कळवळून काहीतरी म्हणाला. पाहुणा लाजायलाय असं समजून तिनं आणखी एक पळी ओतली.

दुसऱ्या दिवशी पाहुणा लॉजवर अंथरुणातून उठलाच नाही. पोट धरून पडला होता म्हणे.

पिंगळी रोडवरच्या मुलींच्या बालगृहात बायनाबाई स्वयंपाकाला होती. तिथल्या पोरी हसून हसून बेजार झाल्या. बायनाबाईला मात्र कळेना, आपलं चुकलं कुठं. "नगं म्हणल्यावर वाढायचंच न्हाई, तर मग पाव्हणा जेवणार तरी कसा?"

इनाकी आणि त्याची बायको लोर्देस सातासमुद्रापलीकडून आले होते ते शिवकन्येसाठी. शिवकन्या नऊ वर्षांची. चार वर्षांची असताना पूर्णा जंक्शनच्या फलाटावर सापडलेली. तिला विचारत कुणी आलं नाही. मोठ्या पोरीला दत्तक घेणारं इकडं सहसा मिळत नाही, सगळ्यांना पाळण्यातलं लेकरू पाहिजे. या दोघांना मात्र हीच पाहिजे होती. वर्षभर फोनच्या पडद्यावर एकमेकांना बघून झालं होतं. आता एकच गोष्ट राहिली होती. पोरगी मोठी, म्हणून सरकारी ऑफिसातल्या मॅडमपुढं तिची मर्जी विचारायची.

ऑफिसात जाताना शिवकन्येनं बायनाबाईचा पदर सोडला नाही, म्हणून तीही गेली. टेबलामागच्या मॅडमनी चष्मा काढून मायेनं विचारलं, "बाळा, या दोघांसोबत त्यांच्या घरी जायचंय का तुला? तुझे आईबाबा म्हणून?"

शिवकन्येनं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. "नगं."

दुभाषी म्हणून आलेल्या राजेश्री मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांनी हलक्या आवाजात ते सांगितलं. लोर्देसचा चेहरा पांढराफटक पडला. इनाकीनं मान खाली घातली. टेबलामागच्या मॅडम म्हणाल्या, "मुलीची मर्जी नसेल तर पुढं काही होत नाही. सोमवारपर्यंत वेळ घ्या, तेव्हा शेवटचं बघू."

ऑटोत बसल्यावर बायनाबाईच्या ध्यानात आलं. "नगं" म्हणायला पोरीला शिकवलं होतं ते तिनंच.

ती स्वतः पेडगावात मामाच्या घरी वाढलेली. मायबाप लहानपणीच गेले. मामी, पार्वतीबाई, दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकायच्या आधी दंडाला चिमटा काढून बजावायची, "कुणी काय दिलं तर आधी नगं म्हणायचं. हावरट म्हणतेत न्हाईतर. त्याला खरंच द्यायचं आसंल तर इचारंल परत." बायनाबाईनं ते आयुष्यभर पाळलं आणि बालगृहातल्या पोरींनाही तेच लावलं. बिनमायच्या पोरीला इज्जत तेवढी एकच असती, असं तिचं म्हणणं.

पण ह्याच "नगं"नं तिला एकदा दगाही दिला होता. मामानं विचारलं होतं, "सटवाजी पसंत हाय का?" ती म्हणाली, "नगं." अगदी मनापासून म्हणाली. मामा हसला, "पोरगी लाजायली!" आणि लगीन लागलं. सटवाजी वाईट नव्हता, पण तिचा कधीच झाला नाही. एक दिवस ऊसतोडीला म्हणून गेला तो तिकडचाच झाला.

म्हणजे नगं दोन जातीचं असतंय. शिवकन्येचं कुठल्या जातीचं? आणि आपल्याला कुठल्या जातीचं असावं वाटायलंय? ह्या दुसऱ्या सवालानं तर ती जास्तच गडबडली. कारण पोरगी "नगं" म्हणाली तेव्हा भीतीच्या आधी, एका क्षणापुरतं, तिला बरं वाटलं होतं.

दुपारी मेथी निवडताना तिनं पोरीला गाठलं.

"कामून नगं म्हणलीस गं?"

"तूच म्हणलीस ना, पयल्यांदा नगं म्हणायचं."

"आगं माय! ते लाडू-शेवंसाठी आसतंय."

"हे त्याच्याहून मोठं हाय की. मग?"

बायनाबाईनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "बरं. म्हंजे जायचं हाय तुला?"

शिवकन्येनं मेथीची काडी मोडली. "त्यांनी परत कुठं इचारलं? एकदा इचारलं अन् गप बसले. खरंच न्यायचं आसतं तर इचारलं नसतं का?"

"अन् इचारलं तर?"

"तवा बघू."

हे काय धड हो नाही, धड नाही नाही. बायनाबाईनं मेथी तशीच टाकली आणि राजेश्री मॅडमना गाठलं. "त्यांना सांगा, परत इचारा म्हणावं. आमच्यात एकदा इचारलेलं मोजत न्हाईत."

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बायनाबाई, त्यांच्याकडं नाही म्हटलं की नाहीच. पुन्हा विचारणं म्हणजे लेकरावर जबरदस्ती. ती बाई सकाळपासून रडायलीय, पण विचारणार नाही म्हणते."

"आवं, मग त्यांच्यात पाव्हणे उपाशीच उठत आसतील की!"

मॅडमना हसू आलं. पण लोर्देसला समजावताना त्यांचीच दमछाक झाली. लोर्देस उलट विचारायची, "मग खरं 'नाही' कसं ओळखायचं?" मॅडमनी ते बायनाबाईकडं टोलवलं.

बायनाबाई म्हणाली, "ताटावर हात धरला तर वाढायचं. ताट उचलून उठलं, तर मग न्हाई वाढायचं." ते ऐकून इनाकीनं पोटावर हात फिरवला आणि खिन्न हसला. तो उठला नव्हता, हे त्याला आता आठवलं.

संध्याकाळी लोर्देस एकटीच स्वयंपाकघरात आली. शिवकन्या काटवटीत पीठ मळत होती. लोर्देस जमिनीवर बसली, ते बसणंही तिला धड जमत नव्हतं. तिनं पाठ करून आणलेलं मराठी वाक्य म्हटलं, "शिवकन्या, तू आमच्या घरी येशील?"

"नगं." पोरीनं मान वर केली नाही. पण उठलीही नाही.

चुलीपुढं बसलेल्या बायनाबाईचा हात तव्यावरच थांबला. भाकरी करपली, त्याचंही भान राहिलं नाही. तिला ओरडावंसं वाटलं, आगं इचार की आजून एकदा! आणि त्याच वेळी वाटलं, नको, राहू दे, जा माघारी.

लोर्देसचे डोळे भरले. तिनं परत तेच वाक्य म्हटलं. ह्यावेळी अर्धंच आलं.

शिवकन्येनं पिठाचे हात थांबवले. लोर्देसकडं नीट बघितलं, आणि मग चुलीकडं वळून म्हणाली, "मावशे, तिच्या घरी भाकर करतेत का, इचार."

मागून येऊन दारातच थांबलेल्या राजेश्री मॅडमनी विचारलं. लोर्देसनं मान हलवली. करत नाहीत, तिला येतही नाही.

"मग हात धू म्हणावं," शिवकन्या म्हणाली आणि तिनं पिठाचा एक गोळा तिच्यापुढं सरकवला.

सोमवारी ऑफिसातल्या मॅडमनी पुन्हा तेच विचारलं. शिवकन्या म्हणाली, "आजून एकदा इचारा." मॅडमनी हसत विचारलं. "हां," ती म्हणाली. राजेश्री मॅडमना त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

पासपोर्ट हाती येईपर्यंत उन्हाळा लागला. निघायच्या दिवशी बायनाबाईनं पोरीची ओटी भरली. लेक सासरी जाताना भरतात तशी लेकराची भरावी का, तिला माहीत नव्हतं; कुणाला विचारायचं तेही कळलं नाही. खोबऱ्याची वाटी, मूठभर ज्वारी, नवं पोलकं. शिवकन्येनं ते फ्रॉकच्या घोळात धरलं आणि गाडीत बसता बसता थांबली.

"मावशे, तू येतीस का माझ्यासंगं?"

"नगं गं माय," बायनाबाई म्हणाली. "माझं काय काम तिथं."

पोरीनं तिच्याकडं बघितलं. लोर्देसनं शिकवलं होतं त्याप्रमाणं तिनं मान डोलावली, समजलं म्हणून. मग गाडीत बसली.

बायनाबाई उभीच राहिली. गाडी वळली, धूळ बसली, तरी ती हलली नाही. आपलं नगं कुठल्या जातीचं होतं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. परत विचारलं असतं तर काय म्हणाली असती, तेही नाही. पण परत कुणी विचारलं नव्हतं. पोरगी तिकडची रीत शिकली होती. हे बरंच झालं म्हणायचं की काय म्हणायचं?

दुपारी पंगत बसली. नवीन आलेल्या राधिकेपुढं ती पळी घेऊन गेली. राधिकेनं ताटावर हात आडवा धरला. "नगं, मावशी."

बायनाबाईची पळी वरच्या वर थांबली. वरणाचे थेंब फरशीवर पडत राहिले. सगळ्या पोरी तिच्याकडं बघायला लागल्या.

"खरंच नगं का?" तिनं विचारलं.