शेटच्या जपानिणी

पंचाहत्तरच्या सुमारास टेमघरला आमच्या शेजारी एक शेट राहायचे. धंदा सुताचा, पण जीव जपानी चित्रांवर. लाकडी ठशांनी छापलेली, हल्लीच्या चित्रकारांची. जहाजावर नोकरीला असलेला भाचा दर फेरीला एक आणायचा. त्याला ताकीद एकच, "डोंगर, पाणी नको. ते आपल्याकडं हाय. माणूस आन."

भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. त्याच्या धडधडीनं भिंतीवरच्या चित्रांच्या चौकटी दिवसभरात तिरक्या व्हायच्या. संध्याकाळी शेट बशीतला चहा फुंकत चित्रांतल्या एकेका बाईची विचारपूस करायचे. "छत्रीवाली आज लई चालली. ही केस विंचरनारी जागची हलली न्हाय, आळशी!" मग बोटानं हळूच सरळ करायचे.

मला तिरकं काही बघवत नाही. एकदा मी हातोडी आणि खिळे घेऊनच गेलो. चौकटी खालून पक्क्या केल्या की कटकट मिटली! शेट दारातच आडवे आले. "ओ, बांधून ठेवता का काय त्यांना?"

पुढच्या शुक्रवारी लूमना सुट्टी होती. खिडकीतून पाहिलं, तर सगळ्या चौकटी सरळ आणि शेट बेचैन. शेवटी इकडेतिकडे बघत त्यांनी छत्रीवालीची चौकट बोटानं जराशी ढकलली आणि म्हणाले,

"जा, जरा फिरून ये."